अण्णांनी 'बनगरवाडी' वाचली का?

भांडण लागलं ते एका क्रियापदावरून.

अण्णा नेहमीप्रमाणे साडेसातला टेम्पो लावून आले, रुमालाने पायरी झटकून टेकले, वहिनींकडे बघून एक बोट वर केलं आणि सहज बोलून गेले, "काल 'बनगरवाडी' वाचून झाली बरं का."

मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. "वाचून? कधी वाचलीत?"

"पुण्यास्नं येताना. खंबाटकी चढून वर आलो आन् संपली."

"आणि गाडी?"

"गाडी मीच चालवत हुतो की. टेपाच्या स्पीकरवर लावलेली."

"मग वाचली नाहीत अण्णा. ऐकलीत."

"तेच की ओ."

"तेच नव्हे."

साताऱ्यात राजवाड्याकडून मोती चौकाकडे येताना एका शिंप्याचं दुकान होतं. ते बंद पडून सात-आठ वर्षं झाली, शटरला गंज चढला, पण पाटीवरचं 'सफारी स्पेशालिस्ट' अजून वाचता येतं आणि खालच्या तीन दगडी पायऱ्या शाबूत आहेत. त्या पायऱ्या म्हणजे आमचा कट्टा. वरच्या पायरीवर मास्तर, कारण त्यांचे गुडघे. मधल्या पायरीवर अण्णा आणि मी. खालच्या पायरीवर पप्या, रात्रपाळी नसली तर. शेजारी वहिनींची चहाची गाडी. वहिनी चर्चेत नसतात असं आम्ही आपलं समजतो. पण स्टोव्ह त्यांच्या ताब्यात आहे. त्यांनी दोन पंप जास्त मारले की आमचं आम्हालाच ऐकू येत नाही.

मास्तर मूळचे वाईचे. हायस्कुलात मराठी शिकवायचे. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण वाचनालयाचं कार्ड चालू आहे. आठवड्याला दोन पुस्तकं. घरी नेली की आधी वर्तमानपत्राचं कव्हर, मग पेन्सिलीला टोक, मग वाचन. जानेवारीत साताऱ्यात ९९वं साहित्य संमेलन भरलं तेव्हा चारही दिवस पुस्तकांच्या गाळ्यांवर होते, मांडवात पाऊल टाकलं नाही. "भाषणं उद्याच्या पेपरात येतात, पुस्तकं येत नाहीत," हे त्यांचं म्हणणं.

आणि मी. चौतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. कट्ट्यावर माझं नाव वेलांटी. मी मास्तरांच्या बाजूने होतो हे आधीच सांगून टाकतो. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी मी किमान तीनदा वाचलेली, माझी स्वतःची प्रत आहे, आणि तीनदा वाचलेल्या माणसाला टेम्पोत ऐकलेल्या माणसाने बरोबरीत यावं हे मलाही रुचलं नव्हतं. "मीही म्हणेन, ऐकली," मी म्हणालो. अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की घाटात मागून येणाऱ्याने हॉर्न न देता कट मारावा.

"बरं," अण्णा म्हणाले. "मग मी तीस वर्षं एस.टी. चालवली ती चालवली का बघितली?"

याचा अर्थ मला आजही लागलेला नाही, पण पप्या हसला आणि अण्णांना एक गुण मिळाला.

अण्णांचं असं आहे. एस.टी.त मुक्कामाच्या गाडीवर असले की रात्री पेपर हातात धरायचे आणि दुसऱ्या ओळीला डोळा लागायचा. निवृत्तीनंतर एका डेअरीचा चक्का आणि पनीर पुण्याला पोचवतात, एक दिवसाआड. दिवाळीत लेकीनं मोबाईलवर पुस्तकं ऐकायचं अ‍ॅप घालून दिलं. तेव्हापासून त्यांची अकरा झाली. पहिलं 'फकिरा'. ते ऐकल्यावर आठ दिवस त्यांनी आम्हाला दुसरं काही बोलू दिलं नव्हतं.

"वाटेगावच्या फाट्यावर मी शंभर येळा गाडी थांबवलीया," ते म्हणाले. "मान्सं चढली, मान्सं उतरली. त्या गावच्या अण्णाभाऊंनी असलं पुस्तक लिवलंय हे मला साठी उलटल्यावर कळावं?"

"शाळेत सांगितलं असेल."

"शाळेत आमी खिडकीतनं भाईर बघत हुतो."

मास्तर इथं जरा नरमले. 'फकिरा' हा त्यांचाही हळवा कोपरा आहे. पण नरमले की ते दुसरीकडून येतात. "१९५९ साली आली ती कादंबरी. अण्णाभाऊंनी ती अर्पण कुणाला केली आहे, सांगा."

अण्णा गप्प.

"बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला. माणसालासुद्धा नाही, लेखणीला. ते पान माहीत नसेल तर 'फकिरा' अर्धीच कळली. तुमच्या त्या वाचणाऱ्याने अर्पणपत्रिका वाचली होती का?"

"वाचली आसंल. त्या टायमाला मी टोलला सुट्टे काढत आसंन."

"बघा! पुस्तकात टोल लागत नाही."

मी इथं माझंही घोडं दामटलं. म्हणालो, पुस्तक म्हणजे नुसती गोष्ट नाही. आवृत्त्यांचं पान असतं, प्रस्तावना असते, शेवटी शुद्धिपत्र असतं. शुद्धिपत्र म्हटल्यावर पप्याने कपाळाला हात लावला. जगात शुद्धिपत्र वाचणारा मी एकटा आहे असं त्याचं मत आहे, आणि ते फारसं चुकीचं नसावं.

पप्या एम.आय.डी.सी.त मशीनवर असतो. तोही ऐकणाऱ्यांतला, पण त्याची बातच वेगळी. तो दीडपट वेगानं ऐकतो.

"म्हंजी?" अण्णांनी विचारलं.

पप्यानं मोबाईल काढून दाखवलं. बटण दाबलं की वाचणारा घाईत वाचतो. तीन तासांचं पुस्तक दोन तासांत उरकतं.

अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आरं, बनगरवाडीचा कारभारी पळत बोलतोय व्हय? म्हातारं मानूस हाय ते! त्याला उठाय-बसायला टाईम लागतोय, तू त्याला पळवायलायस?"

मग काही काळ आमच्या चर्चेचे दोन तट बदलून गेले: एका बाजूला अण्णा आणि मास्तर, दुसऱ्या बाजूला एकटा पप्या. पप्याचं म्हणणं, तो जी पुस्तकं ऐकतो त्यांत एकच गोष्ट दहा वेळा सांगितलेली असते, पैसा कसा वाढवायचा वगैरे, ती दीडपट वेगानंसुद्धा हळूच वाटतात. यावर कुणाचंच दुमत नव्हतं. तो विषय तिथंच मिटला.

मास्तरांनी मात्र मुद्दा सोडला नव्हता. त्यांचं खरं दुखणं आवाजाचं. "छापलेल्या पानात मी आणि लेखक दोघंच असतो. तुमच्याकडे मधे तिसरा बसलेला. कारभारी दटावून बोलला की समजावून बोलला, हे तो तिसरा ठरवणार. मग मी काय करायचं? मी वाचताना माझा कारभारी मी बोलवतो."

"आन् तुमचा कारभारी कसा बोलतो?"

मास्तरांनी डोळे मिटले. "खर्जात. थांबत थांबत."

"माणदेशी बोलतो का?" पप्याने खालच्या पायरीवरून विचारलं. "का तुमच्यासारखं? मास्तर, खरं सांगा, तुमच्या डोक्यातला कारभारी वाईच्या गणपती घाटावर बसल्यागत बोलत असणार. 'अहो मास्तर, या की बसा जरा.'"

हा घाव वर्मी बसला. मास्तर काही बोलले नाहीत. मलाही आठवून बघावंसं वाटलं, की माझ्या डोक्यातला कारभारी कसा बोलतो. काही केल्या आवाज येईना. मी म्हटलं, चहा पिऊ.

खरं तर इथं माझ्या धंद्याविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. खिळे जुळवायच्या काळात आमच्याकडे प्रुफं दोघं मिळून तपासायचे. एकाने हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापलेल्या गॅलीवर नजर ठेवायची. मोठ्याने म्हणजे कसं? 'तो दारात उभा राहिला स्वल्पविराम पण आत आला नाही पूर्णविराम परिच्छेद.' एका सुरात, एका वेगात. प्रेम असो, खून असो, सूर तोच. 'दीर्घ' म्हटलं की दुसरी वेलांटी, 'ऱ्हस्व' म्हटलं की पहिली. मला शिकवणारे एक जुने मुद्रितशोधक होते, ते म्हणायचे, गोष्टीत शिरलास की चूक निसटली. एकटा तपासायला बसलास तर ओळ शेवटून वाच, म्हणजे गोष्ट तुला धरणारच नाही. मी तशी हजारो पानं शेवटून वाचली आहेत. नोकरी सुटली पण सवय सुटली नाही. परवा 'सत्तांतर' पुन्हा काढलं. माडगूळकरांचीच, वानरांच्या टोळ्यांची छोटीशी कादंबरी, साहित्य अकादमीचा १९८३चा पुरस्कार मिळालेली. एका बैठकीत वाचून काढली, आवडली, आणि पुस्तक मिटल्यावर लक्षात आलं की एका पानावरचा निसटलेला अनुस्वार मला टोळीच्या म्होरक्यापेक्षा ठळक आठवतोय. असो.

मास्तरांनी दुसरा चहा घेतला आणि नवीन फळी उघडली. सध्या ते विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' वाचतायत. चौथ्यांदा. वरसईचे हे भटजी, घरात कर्ज, म्हणून उत्तरेत बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाला दक्षिणा मिळेल या आशेनं निघाले आणि नेमके १८५७च्या बंडात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. लुटले गेले, पायी भटकले, आणि परत येताना आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन आले. पुस्तक छापून आलं १९०७ साली.

"मी ते नकाशा उघडून वाचतो," मास्तर म्हणाले. "ऐका. शाळेचा जुना अ‍ॅटलास आहे, त्यावर पेन्सिलीने रेघ मारत जायचं. महू. ग्वाल्हेर. झाशी. काल्पी. चित्रकूट. जिथं भटजी दमतात तिथं मी पेन्सिल ठेवतो. झाशीची कत्तल आली तेव्हा चार दिवस पुढं गेलो नाही, पान उघडं ठेवून रोज तिथूनच परत फिरायचो. हे तुमच्या यंत्रात कसं करणार? ते तर चालूच राहतं. तुम्ही रडताय का झोपलाय, त्याला काय कळतंय?"

हे त्यांनी असं सांगितलं की मलाही त्या अ‍ॅटलासवर बोट ठेवावंसं वाटलं. अण्णासुद्धा काही क्षण गप्प बसले. मग म्हणाले, "थांबवता येतंय की. मी थांबवतो."

"कधी?"

"सांगतो नंतर."

मास्तरांना तोवर जोर आला होता. आता त्यांनी समर्थांना बोलावलं. साताऱ्यात वाद रंगात आला की कुणीतरी सज्जनगडाकडे धाव घेतंच. "'दिसामाजी काही तरी ते लिहावे, प्रसंगी अखंडित वाचीत जावे.' वाचीत जावे म्हटलंय. ऐकत जावे म्हटलेलं नाही."

स्टोव्हचा आवाज एकदम खाली आला. वहिनींनी स्टोव्हची हवा कमी केली होती.

"मास्तर," वहिनी म्हणाल्या, "माझं म्हायार परळीचं."

परळी म्हणजे गडाचा पायथा. मास्तरांना तेव्हाच धोका कळायला हवा होता.

"आमच्या दादांच्यात रोज रात्री दासबोध लागायचा. दादा वाचायचे, आम्ही सगळी ऐकायची. भाकरी थापत ऐकायची. पहिली ओवी काय आहे, तुम्ही सांगा. तुम्ही शिकवलंय."

मास्तर सांगेनात, म्हणून वहिनींनीच म्हटली. थेट पोथीच्या चालीवर, हातातलं गाळणं तसंच धरून:

"श्रोते पुसती कोण ग्रंथ। काय बोलिलें जी येथ। श्रवण केलियानें प्राप्त। काय आहे॥"

"श्रोते पुसती," त्या पुन्हा म्हणाल्या. "वाचणारे पुसती नाही. पुस्तक उघडायच्या आधीच ऐकणारी मान्सं येऊन बसलेली आहेत, आणि त्यांनाच पहिल्यांदा बोलाय दिलंय. आणि समर्थ सांगत होते, कल्याणस्वामी लिहीत होते असं आमच्या दादांनी सांगितलेलं. म्हंजे लिहिणारासुद्धा ऐकतच होता."

"नवविधा भक्तीत पहिली श्रवण," पप्या म्हणाला. हे त्याला कुठून ठाऊक कुणास ठाऊक. बहुतेक दीडपट वेगानं ऐकलं असणार.

मी मास्तरांच्या बाजूचा, पण खरं ते कबूल करायला हवं. ज्ञानेश्वरीच्या शेवटीसुद्धा सच्चिदानंदबाबा लेखक झाले असंच लिहिलेलं आहे. ज्ञानेश्वर सांगणारे, बाबा लिहिणारे. शके १२१२. मी ती ओवी प्रुफात 'लेखकु'च्या उकारासाठी तपासलेली आहे. ती मोठ्याने म्हणायला मात्र मी त्या वेळी धजलो नाही.

मास्तर म्हणाले, "पोथी वेगळी. ती ऐकण्यासाठीच रचलेली. कादंबरी छापखान्याची लेक आहे."

"आन् कथाकथन?" अण्णांनी पकडलं. "तुमीच सांगता की दर म्हैन्याला, कालिजात असताना कराडला जाऊन ऐकलं म्हणून. शंकर पाटील, मिरासदार आन् माडगूळकर. तिघं एका स्टेजवर. तवा ती कथा वाचली का ऐकली?"

हा प्रसंग मास्तर खरंच दर महिन्याला सांगतात. शंकर पाटील बोलायला लागले की मंडपाच्या कनातीबाहेर उभी असलेली माणसं कनात वर करून आत कशी सरकली, आणि मिरासदारांच्या एका वाक्यावर पुढच्या रांगेतल्या एका आजोबांची टोपी हसता हसता कशी पडली. टोपी पडली त्याच्या पुढचं ते कधी सांगत नाहीत, कारण तिथून पुढं त्यांनाच हसू येतं. आता मात्र त्यांना स्वतःच्याच टोपीत अडकल्यासारखं झालं.

"ते लेखक स्वतः सांगत होते," ते म्हणाले. "भाड्याचा आवाज नव्हता." हा मुद्दा चांगला होता, पण उशिरा आला. आणि भाड्याचा म्हटल्यावर वहिनी भडकल्या.

कारण वहिनींचं 'स्मृतिचित्रे' चालू आहे. गेला महिनाभर, रोज संध्याकाळी, दुधाच्या पातेल्याशेजारी मोबाईल उभा करून. त्यामुळे ते आम्ही सगळ्यांनीच ऐकलंय, तुकड्या-तुकड्यांत, मधून मधून 'दोन स्पेशल, एक बिनसाखर' अशा व्यत्ययासह. लक्ष्मीबाई टिळक. अकराव्या वर्षी लग्न, शिक्षण नाही, नवऱ्याने लग्नानंतर शिकवलं, तेही त्यांच्या लहरीप्रमाणे. मग टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि ह्या बाईचं आयुष्य मधोमध फाटलं. तरी सगळं सांगताना सूर असा की शेजारीण पाटावर बसून सांगतेय. त्यांच्या वडिलांचं सोवळ्याचं वेड आलं तेव्हा वहिनी इतक्या हसल्या की दूध उतू गेलं. त्या दिवशीचे पाच चहा त्यांनी आमच्या खात्यावर टाकले. का, ते विचारायची कुणाची टाप नव्हती.

"मी सातवी शिकले," वहिनी म्हणाल्या. "हे पुस्तक माझ्या नणंदेनं दिलेलं, दहा वर्षं कपाटात आहे. पहिली वीस पानं वाचली. मग पुन्हा पहिली वीस. मी वाचत बसले तर चहा कोण करणार? तुम्ही? ती जी बाई वाचते ना, तिला मी भाडं देत नाही मास्तर, ती मला सोबत करते. साडेपाच ते नऊ. माझ्या घरातलं कुणी एवढा वेळ बोलत नाही माझ्याशी."

कुणी काही बोललं नाही. मास्तरांनी चहाचा कागदी कप उगीच फिरवला.

तरी ते मास्तर. जरा वेळाने हळूच म्हणाले, "विश्वकोश ऐकून दाखवा." त्यांचं गाव वाई, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तिथले, विश्वकोश तिथूनच निघाला, १९७६ला पहिला खंड आला. हरायला लागले की ते विश्वकोशाच्या आडोशाला जातात. "वीस खंड. पहिल्यापासून सुरू करा. घाटात झोप येईल." हे अण्णांनी मान्य केलं. विश्वकोश ऐकायचा नाही, हे एकमतानं ठरलं. कविता? तिथं मास्तरांनी मर्ढेकर काढले. म्हणे, मर्ढेकरांची ओळ डोळ्यांपुढं छापलेली नसेल तर शब्दांची मोडतोड कळणारच नाही. मी म्हणालो, मर्ढेकर आकाशवाणीत नोकरीला होते. अण्णा म्हणाले, मर्ढे हायवेलगतच हाय. कविता तिथंच राहिली.

मग ती परीक्षा झाली. सुचवली पप्यानं. मास्तरांनी 'बनगरवाडी'वर प्रश्न विचारायचे, अण्णांनी उत्तर द्यायचं. पंच मी, कारण माझी तीन वाचनं.

"कारभारी पुस्तकातल्या शाळामास्तरवर का रुसतो?"

"लेकीच्या, अंजीच्या चोळीपायी. ती मास्तराकडनं शिवून आणवते. मग दादू बालट्या आग लावतो."

"तालीम बांधतात, तिथं कोण येतं?"

"राजा. सवता येतो. आख्खी वाडी नटतीया."

मास्तरांनी मान डोलावली. 'बनगरवाडी' १९५५ची. माडगूळ हे औंध संस्थानातलं गाव, तेव्हा राजा म्हटलं की औंधचे पंतप्रतिनिधी डोळ्यापुढं येतात, आणि औंध आपल्या जिल्ह्यातलं. त्यावर मास्तर पाच मिनिटं बोलले, बाळासाहेब पंतांचे सूर्यनमस्कार, यमाईच्या डोंगरावरचं चित्रसंग्रहालय. ऐकणाऱ्याला हे कुणी सांगत नाही असा त्यांचा रोख होता. अण्णा म्हणाले, मला पुस्तकात न्हाई सांगितलं तर वाचणाराला कुठं सांगितलंय? तुमास्नी जिल्हा म्हाईत हाय म्हणून म्हाईत.

"बरं. तुम्ही थांबवता म्हणालात. कुठं थांबवलंत?"

अण्णांनी रुमाल काढला, घडी घातली, परत खिशात ठेवला.

"शेकू," ते म्हणाले. "त्याच्याकडं एकच बैल. दुसरा कुणी देईना. आन् औत तर धरायचंच. मग त्याची बायकू म्हणती, मी हाय की. आन् ती जू घेती खांद्यावर. एका अंगाला बैल, एका अंगाला ती." त्यांनी आपल्या डाव्या खांद्यावर तळहात ठेवला, जिथं एस.टी.चा पट्टा नसतो आणि जू असतं तिथं. "वाचणारा हे सांगताना आवाज चढवत न्हाई, काय न्हाई. जसं काय मानूस म्हणतो, पाऊस आला. मी शिरवळच्या पुढं गाडी कडंला घेतली. इंडिकेटर दिला, बंद केली. मागच्या बाजूला चक्क्याचे डबे. धा मिनिटं बसलो. आमच्या आईचा ह्यो खांदा," त्यांनी परत थोपटलं, "असा खाली हुता. लहानपणी इचारलं की म्हणायची, जन्माचा हाय."

रस्त्यावरनं एक वरात गेली, बँडवाले दमून नुसतेच चालत होते.

मास्तर म्हणाले, "आहे. तसंच आहे ते." आणि मग त्यांनी तो प्रसंग पुढं सांगितला, पुस्तकाच्या क्रमाने, पाठ असल्यासारखा. गावातली माणसं कशी बघत राहतात, पुस्तकातल्या मास्तरला काय वाटतं. त्यांचं एकही पाऊल चुकलं नाही. अण्णा मान हलवत होते, व्हय, व्हय. डोळ्याने वाचलेला आणि कानाने ऐकलेला, दोघं त्या शेतात शेजारी शेजारी उभे होते.

"काय वेलांटी? बरोबर आहे ना?" पप्याने विचारलं. "तुम्ही पंच."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

मला तो प्रसंग आठवत नव्हता. शेकू हे नाव आठवत होतं. बाई आठवत नव्हती. जू आठवत नव्हतं. तीन वाचनं.

निकाल असा लागला की अण्णांनी 'बनगरवाडी' वाचली नाही पण त्यांना ती झाली आहे. हा शब्दप्रयोग मास्तरांचा. अण्णांनी तो मान्य केला नाही आणि उद्या परत विषय काढणार असं बजावलं. वहिनींनी सात चहा आणि एक क्रीमरोल असा हिशोब सांगितला. क्रीमरोल कुणी खाल्ला यावरून आणखी पाच मिनिटं गेली.

घरी आलो तेव्हा साडेनऊ झाले होते. जेवायच्या आधी स्टुलावर चढून वरच्या फळीवरची माझी प्रत काढली. कॉलेजात असताना जुन्या बाजारातून घेतलेली, पानं चहाच्या रंगाची झालेली. दिव्याखाली बसून शेकू शोधला. सापडला. ती जू घेते ते पानही सापडलं.

त्या पानावर, समासात, पेन्सिलीची खूण आहे. माझीच. चूक दाखवायची बारकी तिरपी रेघ, आणि तिच्याशेजारी माझ्या विशीतल्या नेटक्या अक्षरात लिहिलेलं: 'दीर्घ हवी.'

पुस्तक परत फळीवर ठेवलेलं नाही. टेबलावरच आहे. कट्ट्यावर अजून कुणाला दाखवलेलं नाही.